दुधी भोपळा, चार खाडे आणि शौलाची मेंढरं

खाडीपलीकडे (ऐरोली), गुरुवार रात्री १०.४०

जय ख्रिस्त. जे मंडळीतले नाहीत त्यांना नमस्कार.

आमच्याकडे दर गुरुवारी घरगुती प्रार्थनासभा असते. सात-आठ कुटुंबं, आळीपाळीने एकेकाच्या घरी. सध्या बायबलच्या जुन्या करारातलं (येशूच्या आधीच्या भागातलं) १ शमुवेल चाललंय, आज पंधरावा अध्याय होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शौल राजाला आज्ञा असते की अमालेक्यांचं काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचं नाही. तो लढाई जिंकतो, पण त्यांचा राजा अगाग याला जिवंत ठेवतो आणि धष्टपुष्ट गुरं-मेंढरंही. शमुवेल संदेष्टा भेटायला येतो तेव्हा कुणी विचारायच्या आधीच शौल सांगून मोकळा होतो, मी आज्ञा पाळली. शमुवेल म्हणतो, मग हे मेंढरांचं बें बें कसलं ऐकू येतंय? शौलाचं उत्तर तयार: ती देवाला अर्पण करायला राखून ठेवलीत. तिथे ते प्रसिद्ध वचन येतं, अर्पणापेक्षा ऐकणं बरं.

वाचन माझ्याकडे होतं. चौदाव्या, मेंढरांच्या वचनाला मला ठसका लागला, सगळ्यांना वाटलं घसा बसलाय.

झालं असं. गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेवटी लिलाव असतो, लोक घरून नारळ, भाज्या, कोंबड्या, केक आणतात आणि बोली लागते. मी एक दुधी भोपळा अकराशेला घेतला. टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी माइकवरून नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी १० तारीख, मावशींचा पगार. त्यांचे चार खाडे झाले होते, सासूला गावी दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून. दिवसाचे दीडशे धरून मी सहाशे कापले. त्या काही बोलल्या नाहीत. मग मी त्यांना तोच दुधी दिला, कोफ्ते करायला.

तर प्रश्न: जुन्या करारातलं तुम्ही रोजच्या जगण्याला कसं लावता? की 'ते मोशेचं नियमशास्त्र, आपण येशूच्या कृपेखाली' म्हणून पान उलटता? प्रवचन नको. घरातलं सांगा.

---

चिंबोरी

पहिला नंबर माझा. कोफ्ते कसे झाले?

---

खाडीपलीकडे

चांगले झाले. तेच तर.

---

पाळकांचा_मुलगा (नेरूळ)

प्रामाणिक लिहिलंत. मी माझा हिशेब सांगतो. नव्या करारात, रोमकरांस १५:४ मध्ये प्रेषित पौल म्हणतो, पूर्वी लिहिलेलं आपल्या शिक्षणासाठी लिहिलं. १ करिंथ १० मध्ये रानातल्या इस्राएलांच्या गोष्टी उदाहरणं म्हणून देतो. म्हणजे पान उलटायची मुभा नाही. पण 'शिक्षणासाठी' याचा अर्थ जसंच्या तसं उचलून चिकटवणं असाही नाही. लहानपणी आमच्या घरी दाविदाने धिप्पाड गल्याथाला हरवल्याची गोष्ट म्हणजे परीक्षेत पास व्हायचा मंत्र होता, गणित म्हणजे गल्याथ. मला दहावीला गणितात ४१ पडले. तेव्हापासून कुठलीही गोष्ट थेट स्वतःला लावताना मी जरा थबकतो.

---

नास्तिक_नाना (ठाणे पूर्व)

बाईंचा दुधी आवडला, पण एक गोष्ट राहतेय. त्याच अध्यायात तिसऱ्या वचनात बायका, तान्ही मुलं, सगळ्यांना मारायला सांगितलंय. राजाला शिक्षा का, तर कत्तल पूर्ण केली नाही म्हणून. आणि तुम्ही त्यातून 'आज्ञापालन' शिकताय? मेंढरांचा आवाज तेवढा ऐकू येतो, पोरांचा नाही?

---

चिंबोरी

नाना आले. पॉपकॉर्न.

---

पाळकांचा_मुलगा

नाना, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. काही अभ्यासक म्हणतात की ही त्या काळची युद्धातली अतिशयोक्तीची भाषा. त्याच पुस्तकात सत्ताविसाव्या आणि तिसाव्या अध्यायात अमालेकी पुन्हा हजर आहेत, म्हणजे सगळे मेले नव्हते हे उघड. पण त्याने आज्ञेचे शब्द बदलत नाहीत. मी रविवारच्या शाळेत शिकवतो. हा अध्याय आठ वर्षांच्या पोरांना शिकवत नाही, आणि मोठ्यांना शिकवताना तिसरं वचन गाळत नाही. वैऱ्यावर प्रीती करा म्हणणाऱ्याला मी प्रभू म्हणतो, त्यामुळे कुणाला मारण्यासाठी हा अध्याय कुणी माझ्यासमोर धरला तर मी उठून जाईन. एवढंच.

---

शनिवारतेली (ठाणे)

मी इथे फारशी लिहीत नाही, पण 'जुना करार' वाचलं की बोटं शिवशिवतात. आमच्यासाठी तो जुना नाही, एकच आहे. :) मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. टेंभी नाक्याच्या बाजूचं आमचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), 'शाआर हाशमायीम', १८७९ चं. आयडीचा अर्थ: कोकणात आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी, आमच्या विसाव्याच्या दिवशी, ते घाणा चालवत नसत, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली.

नानांना: या अध्यायाने आमच्या लोकांचीही झोप उडवली होती. तालमूदात (आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात) शौल वाद घालतो, एका माणसाच्या खुनासाठी जर शास्त्र एवढं प्रायश्चित्त सांगतं, तर इतक्या जिवांचं काय? मोठ्यांनी पाप केलं असेल, लहानांनी काय केलं? तिथे त्याचा युक्तिवाद मान्य होत नाही, पण प्रश्न लिहून ठेवलाय. खोडलेला नाही.

आणि खाडीपलीकडे, तुम्हाला एक गंमत. हिब्रूत 'शमा' म्हणजे ऐकणं. आज्ञा मानण्यासाठीही बायबलमध्ये बहुतेक तेच क्रियापद येतं, ऐकणं म्हणजेच पाळणं. मराठीतही तसंच आहे की! 'पोरगा ऐकत नाही' म्हणतो तेव्हा त्याचे कान तपासायला नेतो का आपण? शमुवेलाच्या वाक्यात तोच धातू आहे. शिवाय मेंढरांच्या आवाजाला तिथे जो शब्द वापरलाय, 'कोल', तोच परमेश्वराच्या वाणीला वापरलाय. शौलाच्या कानावर दोन आवाज येतात, आणि त्याने नेमका चुकीचा ऐकला.

कोकणात आमची माणसं हिब्रू विसरली होती, पण 'शमा इस्राएल' तेवढं तोंडात राहिलं होतं असं आजी सांगायची. 'ऐक', एवढंच.

---

खाडीपलीकडे

शनिवारतेली, हे मी पुढच्या गुरुवारी सांगणार. तुमचं नाव घेऊन.

---

कांदाबटाटा (तुर्भे)

आमचं वाशी मार्केटात आडतीचं काम, वडिलांपासून. मोशेच्या नियमांतला लेवीय १९ हा आमच्या घरातला अध्याय. खरं माप, खरी वजनं. त्याच नियमांच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात आहे की पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका, घ्यायचं एक आणि द्यायचं एक. वडील म्हणायचे, मोशेला काटा मारणं माहीत होतं म्हणजे त्याने बाजार बघितलेला होता.

आता काटा इलेक्ट्रॉनिक. तरी गोणीचं वजन किती धरायचं, ओलाव्याची घट किती, यात काटा मारता येतोच. वडिलांचा नियम होता, शेतकऱ्याला जी घट लावली तीच गिऱ्हाइकाला. धंद्यात यानं तोटा झाला का? झाला. लोक विचारतात देवाने भरून दिलं का. माहीत नाही बुवा, आमचं घर अजून भाड्याचंच आहे.

दुसरं, लेवीय १९ मध्येच आहे की शेताची कड कापू नका, खाली पडलेलं वेचू नका, ते गरिबांसाठी. सरवा. रूथ बवाजाच्या शेतात तोच वेचते. आमच्या गाळ्यासमोर पडलेले कांदे वेचायला बाया येतात. वडील दुपारपर्यंत झाडू मारू द्यायचे नाहीत. शेजारचे ओरडायचे, कचरा दिसतो म्हणून. मी सकाळी अकराला झाडू मारतो, वडील असते तर बोलले असते.

---

सेक्रेटरी_बी_विंग (कोपरखैरणे)

माझं आवडतं वचन कुणी घेतलं नाही. अनुवाद २२:८. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, कुणी पडून मेलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आमची बिल्डिंग जुनी, गच्चीचा कठडा एका बाजूला मांडीपर्यंत. संक्रांतीला पोरं पतंग उडवतात, माझा जीव टांगणीला. तीन सर्वसाधारण सभांत विषय मांडला, तीनदा 'पुढच्या वर्षी, निधी नाही'. त्याच वर्षी गेटला ग्रॅनाइट लागलं.

चौथ्या सभेत हे वचन वाचून दाखवलं. अध्यक्ष जोशीकाका म्हणाले, हे कुठल्या उपविधीत आहे? म्हटलं, काका, तीनेक हजार वर्षं जुन्या. हसले सगळे. पण ठराव झाला. कठडा आता छातीपर्यंत आहे.

---

चिंबोरी

मोशे सेक्रेटरी असता तर मेंटेनन्स वेळेवर भरला असता लोकांनी. जमीन दुभंगायची भीती, मोशेशी भांडणाऱ्यांना गिळलं होतं तिने.

---

टीका_नको (डोंबिवली, पण नोकरी ठाण्यात)

सगळं छान, पण निवडून घेताय तुम्ही. लेवीय १९ मध्ये शेजाऱ्यावर प्रीती कर हे अठरावं वचन, आणि एकोणिसावं काय? दोन प्रकारच्या सुताचं कापड घालू नको. पॉलिकॉटनचे शर्ट घालून वजनकाट्यावर बोलताय. आणि अकराव्या अध्यायात पर-खवले नसलेलं पाण्यातलं काही खायचं नाही. कोळंबी, खेकडे बाद.

---

चिंबोरी

आयडी बदलावा लागणार.

---

पाळकांचा_मुलगा

खाण्याचं प्रेषितांची कृत्ये १० आणि १५ मध्ये मिटलं. बाकी आमच्याकडे शिकवतात तीन भाग: नैतिक, विधींचे, राज्यकारभाराचे. पहिला भाग कायम, उरलेले दोन ख्रिस्तात पूर्ण झाले.

---

टीका_नको

मूळ पानावर ते तीन रंगांत छापलंय का? अठरा नैतिक आणि एकोणीस विधी, हे कोण ठरवतं? मी ख्रिस्तीच आहे, भांडायला नाही आलो. पण 'जे सोयीचं ते नैतिक' असं होतं आपलं. खाडीपलीकडे, तुमच्याच बाबतीत सांगतो. मजुराची मजुरी अडवू नका हे आहे, अनुवाद २४ मध्ये, सूर्य मावळायच्या आत द्या. न केलेल्या दिवसाचे पैसे द्या असं कुठेही नाही. म्हणजे खाडे कापून तुम्ही मोशेची कुठलीच आज्ञा मोडली नाहीत. मोडलीत ती वेगळी. पगार १० तारखेला देता ना? म्हणजे १ तारखेला घासलेल्या भांड्यांचे पैसे चाळीस दिवसांनी. तिथे बघा.

---

खाडीपलीकडे

...

हे मला सुचलंच नव्हतं. माझा स्वतःचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात येतो. दहा तारीख का, तर सासूबाईंच्या वेळेपासून आहे म्हणून.

---

शनिवारतेली

टीका_नको यांचं वाचन बरोबर. आमच्या परंपरेत तर फोड केलीय, दिवसाच्या मजुराला रात्र संपायच्या आत, रात्रपाळीच्याला दुसरा दिवस संपायच्या आत. महिन्याच्या बोलीवर असेल तर महिना संपल्यावर लगेच. आणि वचनात कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांकडे लागलेला असतो.

---

केडगावची_नात (कळवा)

नव्या करारात याकोब ५:४ बघा. तिथे मजुरांच्या आरोळ्यांबरोबर अडवून ठेवलेली मजुरीसुद्धा ओरडते. पैसे ओरडतात. शौलाच्या मेंढरांसारखेच.

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंनी तिथे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली, १९२२ मध्ये गेल्या. उद्देश हा की जी बाई शाळेत गेली नाही तिलाही कळावं. आजी ते मांडीवर घेऊन मोठ्याने वाचायची, शेजारीण भाजी निवडत ऐकायची आणि मध्येच म्हणायची, 'हे तर आमच्या मुकादमाबद्दल लिहिलंय.' आमच्या अभ्यासवर्गात आता चार इंग्रजी भाषांतरं मोबाइलवर उघडी असतात, आणि मुकादम कुणालाच आठवत नाही.

---

घोडबंदर_रोड

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. माझ्या ऑफिसात दर वर्षी सत्यनारायण असतो. मी मॅनेजर. उभं राहावं लागतं, प्रसाद हातात येतो. घरी बायको नाराज. मला २ राजे ५ मधला परका सेनापती नामान आठवतो. कुष्ठ बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढं माफ व्हावं. अलीशा म्हणतो, शांतीने जा. मला हे फार मोठं वाटतं.

---

टीका_नको

नामान परवानगी मागून गेला. दानीएल काय करतो तेही त्याच करारात आहे. राजाचं अन्न नको म्हणून शाकभाजी खाऊन राहिला.

---

घोडबंदर_रोड

दानीएलाला गृहकर्ज नव्हतं.

---

नास्तिक_नाना

हे वाक्य मी चोरणार.

---

ठाण्याचा_ईस्टइंडियन

आम्ही कॅथलिक, पण बसतो इथे. प्रसादाचं सांगतो: १ करिंथ ८ वाचा. पौल खाण्यापेक्षा बघणाऱ्याचा विचार करतो, तुमच्या खाण्याने कुणा कच्च्या विश्वासाच्या भावाला ठेच लागते का. तुमच्या ऑफिसात असा भाऊ नसेल, घरी बायको आहे. मग ऑफिसात कसं उभं राहायचं ते तिच्याशी बसून ठरवा, फोरमवर नाही.

माझं उदाहरण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा असतो. नवं भात कापून त्याच्या लोंब्या वाजतगाजत चर्चला न्यायच्या, फादर आशीर्वाद देतात. लेवीय २३ मधली पहिली पेंढी तीच. आता आमच्या गावठाणाभोवती टॉवर आहेत, शेत एकही नाही. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. पोरगा विचारतो, पप्पा आपण दुसऱ्याचं पहिलं पीक देवाला देतो का? मी म्हटलं, तुझा पहिला पगार होईल तेव्हा बोलू. यंदा झाला. अजून बोललो नाही, मलाच धीर होत नाहीये.

---

प्रशासक

प्रसाद-नामान चर्चेसाठी वेगळा धागा काढावा. इथले तीन प्रतिसाद काढले आहेत, कुणाच्या आईबद्दल लिहू नये.

---

कांदाबटाटा

तीन? मी झोपलो होतो तेव्हा एवढं झालं?

---

वाचक_मात्र

कामवालीचे खाडे कापण्यात काय चूक आहे हे अजून कळलं नाही. आमची बाई महिन्यात सहा खाडे करते, न सांगता. बायबल-बिबल ठीक आहे, पण व्यवहार व्यवहाराच्या जागी.

---

सेक्रेटरी_बी_विंग

तुम्हाला कंपनीत रजा मिळते का? पगारी?

---

वाचक_मात्र

मिळते. ते वेगळं.

---

सेक्रेटरी_बी_विंग

बरं.

---

खाडीपलीकडे, आठ दिवसांनी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. उशीर झाला, मुलाची परीक्षा होती.

आज मावशींशी बोलले. आधी सहाशे दिले. त्यांनी मोजून घेतले, कशाचे ते विचारलं नाही. मग मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मावशी, पुढच्या महिन्यापासून पगार १ तारखेला. मला वाटलं खूश होतील. तर म्हणाल्या, नको ताई. बाकीच्या दोन घरचे एक तारखेला येतात, ते भाड्यात जातात. तुमचा दहाला येतो म्हणून मी अकरा तारखेची भिशी लावलीय. एकला दिलात तर तो घरात उरायचाच नाही. दहालाच द्या.

टीका_नको, आता सांगा. आज्ञा मोडू की भिशी?

मी विचारलं, मग काय करू तुमच्यासाठी? त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, रविवारी सुट्टी द्या. तुमच्याकडे चर्चनंतर पाहुणे असतात, दोन वाजेपर्यंत भांडी संपत नाहीत. पोरगी म्हणते आई तू रविवारी पण नसतेस.

अकरा वर्षं येतायत त्या. आम्ही शब्बाथ पाळतो, रविवारी मी सुईसुद्धा हातात घेत नाही, हे सगळ्यांना अभिमानाने सांगते.

---

केडगावची_नात

निर्गम २०:१०.

---

शनिवारतेली

हो. तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं. अनुवादात पुन्हा सांगितलंय, वर कारणासकट: तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा म्हणून. कोकणात घाण्याचा बैलसुद्धा शनिवारी सुटा असायचा.

---

टीका_नको

भिशीचं: मजुरी तिच्या हक्काची, तारीखही तिनेच ठरवली. तुम्ही अडवलेली नाही, तिने ठेवायला सांगितलीय. मला चालेल. मोशेचं माहीत नाही.

---

नास्तिक_नाना

मी अजूनही तिसऱ्या वचनावर अडलोय. पण रविवारची सुट्टी द्या त्यांना.

---

खाडीपलीकडे

दिली. आता प्रश्न असा की रविवारी चौदा माणसं जेवायला असतात. भांडी?

---

चिंबोरी

कागदी ताटं.

---

शनिवारतेली

आमच्याकडे शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सगळं शिजवून ठेवायचे. रानात देव इस्राएलांना जो मान्ना खायला द्यायचा, तोही सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा. तुम्ही शनिवारी रात्री शिजवा, आणि पाहुण्यांना ज्याचं त्याने ताट धुवायला सांगा.

---

कांदाबटाटा

नवऱ्याला सांगा. लेवीयात मनाई नाही, मी बघितलं.

---

खाडीपलीकडे, रविवार रात्री ११.१५

अहवाल. पाहुण्यांपैकी नऊ जणांनी आपापली ताटं धुतली, दोघांनी दुसऱ्यांचीही. ह्यांनी कुकर आणि पातेली घासली, अर्धा तास लागला, चारदा विचारलं की स्क्रबर कुठलं. मटणाची कढई तेवढी राहिलीय, तळाला लागलीय, पाणी घालून भिजत ठेवलीय. सकाळी मावशी येतीलच.

---

केडगावची_नात

ताई.

---

खाडीपलीकडे

हो हो. उठते.